धूर तुझा, झोप माझी!

लंडनच्या कालव्यावर बोटीत राहणं म्हणजे कसं एकदम फिल्मी! खिडकीबाहेर बदकं, हातात कॉफीचा मग, टपावर फुलझाडांच्या कुंड्या… मलाही असंच वाटायचं. जानेवारीतल्या एका रात्री सव्वादोन वाजता आमच्या टपावर कुणीतरी ठकठक करेपर्यंत!

ठक. ठक. ठक.

बोटीला डोअरबेल नसते. कुणी आलं की टपावर नाहीतर पत्र्यावर बोटांनी वाजवायचं, ही तिथली पद्धत. दिवसा ही पद्धत गोड वाटते. रात्री सव्वादोनला नाही. मी सोफा-कम-बेडवर दोन रजयांच्या खाली मुटकुळं करून पडले होते. बाहेर शून्याच्या खाली तापमान. उठून पडदा बाजूला केला तर समोर शेजारच्या बोटीवरचे दाढीवाले काका. अंगात ड्रेसिंग गाऊन, पायात गमबूट, आणि एका हातात किंचाळणारा पांढरा डबा.

तो डबा म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता. त्यांच्या बोटीतला. आणि तो वाजत होता आमच्यामुळे. खरं सांगायचं तर आमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. पण ते नंतर.

पत्ता नसलेलं घर

आधी थोडा फ्लॅशबॅक. माझा मावसभाऊ आयटीत. लंडनला जाऊन त्याला सहा वर्षं झाली. लग्न झाल्यावर वनबेडरूम फ्लॅटचं भाडं बघून दोघांचे डोळे पांढरे झाले आणि दादाने थेट एक सेकंडहँड नॅरोबोट उचलली! नॅरोबोट म्हणजे नावाप्रमाणेच चिंचोळी. रुंदी सात फुटांच्या जरा आत, लांबी सत्तावन्न फूट. आपल्या लोकलचा डबा उभा कापला आणि पाण्यात सोडला, असं डोळ्यांपुढे आणा. एका टोकाला बेडरूम, मग इवलंसं बाथरूम, मग किचन, मग हॉल, आणि हॉलच्या कोपऱ्यात कोळशाची शेगडी. मावशी अजूनही फोनवर विचारते, ‘‘अरे, पण घर कधी घेणार?’’

इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. २०१२ मध्ये तिने सरकारी ब्रिटिश वॉटरवेजकडून हा संसार हातात घेतला. जवळजवळ दोन हजार मैलांचे जलमार्ग! ज्यांना बोट उभी करायला कायमची जागा परवडत नाही, ते ‘कंटिन्युअस क्रूझर’चं लायसन्स घेतात. वर्षाला हजार पौंडांच्या वर लायसन्स फी, आणि १९९५ च्या कायद्याने घातलेली अट अशी की एका जागी साधारण चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. पंधरवडा संपला की दोर सोडा, इंजिन चालू करा आणि पुढच्या मुक्कामाला चला. वारकऱ्यांचं कसं, तसंच. फक्त विठ्ठल काही भेटत नाही.

मी गेले तेव्हा दादाचा मुक्काम होता व्हिक्टोरिया पार्कच्या कडेला, रीजंट्स कॅनालवर. हा कालवा १८२० चा. पूर्वी काठावरच्या पायवाटेवरून घोडे दोराने बोटी ओढत. आज त्याच पायवाटेवरून हेडफोन लावलेली मंडळी जॉगिंग करतात. लोकेशन सॉलिड! पण म्हणूनच गर्दीही सॉलिड. काठावर जागा नसली की बोटीला बोट बांधायची. आत एक, बाहेर एक. आमची काठाला, काकांची आमच्या बाहेरच्या अंगाला. दोन्ही पत्र्यांच्या मध्ये रबरी बोये, जेमतेम वीतभर अंतर. काकांना घरी जायचं तर आमच्या बोटीवरून पाय टाकून जावं लागायचं. आपल्या चाळीतल्या कॉमन गॅलरीसारखंच हे. फक्त हलणारं.

टिकटिक… आणि मग जेट!

आता मुद्द्याचा खलनायक. डिझेल हीटर.

बोट लोखंडाची, खाली गार पाणी, बाहेर इंग्लंडचा हिवाळा. गरम करायचे मुख्य मार्ग दोन. एक, कोळशाची किंवा लाकडाची शेगडी. दुसरा, भिंतीतल्या बटणावर चालणारा डिझेल हीटर. हे हीटर मुळात ट्रक आणि गाड्यांसाठी बनलेले. एबरश्पेशर आणि वेबास्टो या त्यातल्या जुन्या जर्मन कंपन्या. अलीकडे ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त चिनी हीटरांचा पूर आलाय. लोक यूट्यूब बघून ते स्वतःच बसवतात!

याचं काम कसं चालतं, हे दादाने मला पहिल्याच दिवशी अभिमानाने दाखवलं. बटण दाबलं की आत एक छोटी कांडी लालबुंद तापते. मग पंप थेंब थेंब डिझेल सोडतो. टिक, टिक, टिक. डिझेल पेटलं की पंखा वेग घेतो आणि आवाज चढत जातो, हुबेहूब विमान धावपट्टीवर निघाल्यासारखा. आतली हवा छान गरम होते, पण जळकट धूर बोटीच्या कुशीतल्या एका भोकातून बाहेर फेकला जातो. ते भोक पाण्याच्या थोडंसं वर असतं. म्हणजे समजा तुमच्या शेजारी दुसरी बोट बांधलेली असेल, तर तो धूर आणि तो आवाज थेट तिच्या खिडकीखाली! वर दोन लोखंडी भिंतींच्या बोळात तो आवाज घुमतो, तो वेगळाच.

आणि गंमत अशी, की आत बसलेल्याला यातलं फारसं काही कळतच नाही. आत मंद घरघर, पायाला ऊब. ‘‘किती शांत आहे रे!’’ असं मी दादाला म्हणालेसुद्धा होते. त्याच वेळी वीतभर अंतरावर एक माणूस उशी कानावर दाबून पडला होता, हे मला कुठे ठाऊक!

त्या रात्री

दादा-वहिनींना सात महिन्यांची छोकरी आहे. तिच्यामुळे बोट उबदार ठेवणं हा या घरातला एक नंबरचा कार्यक्रम. रात्री शेगडीत कोळसा भरायचा, हवा कमी करायची, म्हणजे तो सकाळपर्यंत धुमसत राहतो. त्या रात्री कोळसा भरायची ड्यूटी माझी होती. ‘‘ताईसाहेब, जमेल ना?’’ असं दादाने विचारलंही होतं. मी अर्थातच ‘‘काय टेन्शन नाही’’ म्हणाले. आणि हवेची खिटी जास्त बंद केली.

दीड वाजता जाग आली तेव्हा शेगडी गार. नाक गार. पहिला विचार बाळाचा आला, असं लिहिलं तर छान वाटेल. पण पहिला विचार माझ्या पायांचा आला. मी उठले आणि हीटरचं बटण दाबलं.

टिकटिक झाली, पंखा फिरला, आणि सगळं बंद. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. लिफ्टचं बटण आपण कसं दाबत राहतो, तशी मी पाऊण तास थांबून थांबून ते बटण दाबत राहिले.

नंतर कळलं ते असं. हिवाळ्यात ढगाळ दिवसांमुळे सोलर पॅनेल जवळपास झोपलेली, त्यामुळे बॅटरी उतरलेली. कमी व्होल्टेजवर ती कांडी पुरेशी तापत नाही. डिझेल मात्र येत राहतं. ते धड जळत नाही, अर्धवट जळतं, आणि पांढराफटक धूर होऊन बाहेर पडतो. हे सगळं काकांच्या खिडकीखाली. आणि काकांनी खिडकी थोडी उघडी ठेवली होती. कारण बोटीत राहणारा प्रत्येक शहाणा माणूस तेच करतो. नाहीतर श्वासाची वाफ भिंतींवर जमून अंथरूण ओलं होतं.

अर्धवट जळण म्हणजेच कार्बन मोनॉक्साइड. डिझेलचा वास येतो, पण या वायूला रंगही नाही, वासही नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. २०१३ च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या विंडरमिअर तलावावर एका बोटीत आई आणि तिची लहान मुलगी याच वायूने गेल्या. त्यांच्याच बोटीवरच्या जनरेटरचा धूर आत शिरला होता. अशा घटनांनंतर एप्रिल २०१९ पासून तिथे राहण्याची सोय असलेल्या खासगी बोटींमध्ये सीओ अलार्म सक्तीचा झाला. बोट सेफ्टी स्कीमची मंडळी सांगतात की धोका फक्त आपल्या शेगडीचा नसतो, शेजारच्या बोटीचा धूरही आत येऊ शकतो.

दाढीवाल्या काकांच्या हातातला तो किंचाळणारा डबा म्हणून सक्तीचा होता. आणि देवाची कृपा, की त्याची बॅटरी चांगली होती.

दादा धावत आला. हीटर बंद. दोन्ही बोटींची दारं-खिडक्या सताड उघडी. काका पायवाटेवर बाकावर बसून खोकत होते, वहिनी बाळाला ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्यांच्या शेजारी. मी दहा वेळा सॉरी म्हणाले. काका काही रागावले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘तिसरा आठवडा आहे. रोज रात्रीचा.’’

तिसरा आठवडा? आम्ही तर इथे दहाच दिवस होतो! मग दादाचा चेहरा उतरला. आधीच्या मुक्कामीही काका आमच्याच शेजारी होते. आवाजाचा त्रास तेव्हापासून होता, आणि ते बोलले नव्हते. घरात तान्हं बाळ आहे, थंडी आहे, म्हणून.

नियम काय म्हणतो?

सकाळी आमच्या दोराखाली एक चिठ्ठी अडकवलेली सापडली. सुबक अक्षरात तीन ओळी. आठनंतर हीटर नको, ही विनंती. अलार्म वाजल्याची वेळ. आणि बाळ ठीक आहे ना, ही चौकशी. पुणेरी पाट्यांवर वाढलेल्या माझ्यासारखीला तिसरी ओळ जाम लागली.

दादा मात्र थोडा डिफेन्सिव्ह मोडमध्ये. ‘‘अगं, नियमात नाहीये हे!’’ त्याचं म्हणणं तसं खरं होतं. ट्रस्टच्या लायसन्सच्या अटींमध्ये रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन आणि जनरेटर चालवू नका, असं आहे. तुम्ही एकटेच कुठेतरी लांब थांबला असाल तर गोष्ट वेगळी. हीटरचं नाव त्यात नाही. कसं असेल? हीटर बंद करा म्हणणं म्हणजे थंडीत कुडकुडा म्हणणं.

पण शेजाऱ्याला त्रास द्यायचा परवाना कुठलाच नियम देत नाही. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार आवाज किंवा धूर उपद्रव ठरला तर स्थानिक कौन्सिल नोटीस काढू शकते, आणि त्या कायद्यात ‘जागा’ या शब्दात बोटही येते. (वाफेच्या जुन्या इंजिनावर चालणाऱ्या बोटींना मात्र त्यातून सूट आहे. इंग्रज तो इंग्रजच!) शिवाय १९५२ च्या त्या कुप्रसिद्ध धुरक्यानंतर १९५६ मध्ये ‘क्लीन एअर ॲक्ट’ आला, लंडनच्या घरांमधला काळा धूर आटोक्यात आला, पण बोटी बराच काळ त्यातून बाहेरच राहिल्या. काठावरच्या महागड्या फ्लॅटमधले लोक शेगड्यांच्या धुराबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. शेवटी २०२१ च्या पर्यावरण कायद्याने इंग्लंडमधल्या कौन्सिलांना धूर-नियंत्रण क्षेत्रात बांधलेल्या बोटीही घ्यायची मुभा दिली. इस्लिंग्टनमध्ये तर कालव्याच्या एका पट्ट्यात काठावर विजेचे पॉइंट बसवले आहेत. प्लग लावा, विजेवर ऊब घ्या, धूर करू नका! आयडिया मस्तच. पण असे पॉइंट किती आणि बोटी किती! आणि रोज विजेचं बिल भरणं ज्याला जमतं, तो बहुतेक वेळा बोटीवर राहायला आलेलाच नसतो.

म्हणजे बघा, इथे कुणीच व्हिलन नाही. बाळाला ऊब हवी, हे खरं. काकांना झोप आणि हवा हवी, हेही तितकंच खरं. तिसरं म्हणजे, दोघांच्याही खिशात दुसरीकडे जायचे पैसे नाहीत.

जागा बदला!

तोडगा वहिनीने काढला. दुपारी कांदेपोह्यांची डिश घेऊन ती काकांकडे गेली. मी मागे मागे. त्यांची बोट आतून बघितली आणि पोटात गोळा आला. पलंगाशेजारी इनहेलरचे दोन-तीन डबे. पूर्वी बस चालवायचे, फुप्फुसं कमजोर झालीत, बायको गेल्यावर फ्लॅट सोडून इथे आले, हे सगळं त्यांनी पोहे खाता खाता सांगितलं. ‘‘मी तक्रार करणार नव्हतो,’’ ते म्हणाले, ‘‘पण अलार्मने केली.’’

वहिनीने सरळ विचारलं, ‘‘आमचं धुराचं भोक तुमच्या बाजूला आहे. आपण जागा बदलली तर? तुम्ही काठाला या, आम्ही बाहेर जातो. म्हणजे धूर मोकळ्या पाण्याकडे जाईल.’’

साधी गोष्ट! पण साधी नव्हतीही. बाहेर जायचं म्हणजे बाळाची गाडी, कोळशाची पोती, पाण्याचे कॅन, सगळं रोज काकांच्या बोटीवरून न्यायचं. दादा नाराज. बर्फाळ पत्र्यावरून बाळाला कडेवर घेऊन जायचं? काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, की त्यांच्याकडे एक खडबडीत रबरी पट्टा पडून आहे, तो ते टपावर टाकतील, आणि बाळाची गाडी त्यांच्याच पुढच्या डेकवर ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोर सुटले. वीस मिनिटांचा खेळ. मी पायवाटेवर उभी राहून एक दोर धरला आणि दोनदा चुकीचा सोडला. एका जॉगरबाईंनी थांबून मदत केली.

मग मेकॅनिक आला. त्याने हीटरची धुराची नळी उघडून दाखवली. आत काजळीचा थर! सतत मंद आचेवर चालवल्याने हे होतं, म्हणाला. रोज थोडा वेळ तरी फुल पॉवरवर चालवायचा. बॅटरीपासूनची वायर बारीक होती, ती जाड टाकली. धुराच्या नळीला सायलेन्सर लावला. आधी तो नव्हताच! पंप रबरावर टांगला, तेव्हा टिकटिकही कमी झाली. बिल आलं ते दादाने मला दाखवलं नाही, पण त्या आठवड्यात आम्ही तीनदा खिचडी खाल्ली.

आणि एक घरगुती नियम ठरला. हीटर संध्याकाळी सहा ते आठ, जोरात. आठनंतर फक्त शेगडी, आणि शेगडीत फक्त धूर न करणारा कोळसा. कोळसा भरायची ड्यूटी माझ्याकडून काढून घेण्यात आली. रात्री फारच कडाका पडला तर हीटर लावायचा, पण आधी काकांना मेसेज. तसा मेसेज माझ्या मुक्कामात एकदाच गेला. उत्तर लगेच आलं. अंगठा. म्हणजे ते जागेच होते.

घरी परत

चौदा दिवस भरले. काका दक्षिणेकडे लाइमहाऊसच्या दिशेने निघाले, आम्ही पश्चिमेकडे. मी रबरी पट्टा गुंडाळून त्यांना द्यायला गेले, तर ते म्हणाले, बाळासाठी ठेवा.

मार्चमध्ये मी घरी, पुण्यात. उकाडा सुरू झाला. रात्री अकराला मी सवयीने एसीचं बटण दाबलं. थंडगार, मंद घरघर. किती शांत!

आणि एकदम ते सव्वादोन आठवले.

माझ्या एसीचं बाहेरचं युनिट डक्टमध्ये आहे. समोर काय आहे, हे मी तीन वर्षांत कधी वाकून पाहिलंच नव्हतं. मोबाइलचा टॉर्च मारला. समोर, फार तर चार फुटांवर, शेजारच्या विंगमधल्या आजींची बेडरूमची खिडकी. बंद. मार्च महिन्यात बंद.

दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. ‘‘आजी, माझ्या एसीचा त्रास होतो का हो?’’

आजी म्हणाल्या, ‘‘गरम वाफ येते गं, आणि आवाज. पण तू कामावरून दमून येतेस. म्हटलं, जाऊ दे.’’

रविवारी एसीवाला येतोय. युनिट गच्चीवर हलवायचंय. पाइप वाढेल, पैसे जातील. तोपर्यंत अकरानंतर पंखा. आजींची खिडकी काल रात्री उघडी होती. मी पाहिली.

बोटीवर राहायला जाताय? हे लक्षात असू द्या

• बोट बांधताना आपल्या हीटरच्या धुराचं भोक कुणाच्या खिडकीकडे तोंड करून आहे, ते आधी बघा. जमल्यास ते मोकळ्या पाण्याकडे ठेवा.

• हीटर एक-दोनदा पेटला नाही तर बटण दाबत राहू नका. आधी बॅटरी तपासा. पांढरा धूर दिसला तर बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.

• मंद आचेवर तासन् तास चालवण्यापेक्षा थोडा वेळ जोरात चालवा. काजळी कमी धरते.

• बंद करताना थेट बॅटरीचा स्विच ओढू नका. बटणाने बंद करून पंखा आपोआप थांबेपर्यंत वाट बघा. आतला भाग गार व्हायला काही मिनिटं लागतात.

• सायलेन्सर आणि रबरी माउंट हा चैनीचा खर्च नाही. तो शेजारधर्माचा खर्च आहे.

• सीओ अलार्म झोपायच्या जागेजवळ हवाच. टेस्टचं बटण नियमित दाबा. वाजला तर आधी मोकळ्या हवेत बाहेर, कारण नंतर शोधा.

• नवा शेजारी आला की पहिल्याच दिवशी विचारा, ‘‘आमचा त्रास होतो का?’’ तो आपणहून सांगेल, याची वाट बघू नका.